बाळाचं तोंड कुणीकडे? मागे घेतलेल्या एका पेपरची गोष्ट

रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं, "ज्या पेपरवर मी अख्खा परिच्छेद उभा केलाय, तो रिट्रॅक्ट झालाय. आता परिच्छेद खोडायचा का? आणि मग माझा मुद्दाच चुकीचा ठरतो का?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतो. म्हणून आज सरळ उत्तर देण्याआधी एक इतिहास सांगते. विषय अगदी घरगुती आहे: गाडीत बाळाला कसं बसवायचं? पण या प्रश्नाच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, कायदा आहे, संख्याशास्त्रातली एक चूक आहे आणि ती चूक कबूल करणारी माणसंही आहेत.

मांडीवरचं बाळ

तुमच्या घरातलं तान्हं बाळ गाडीतून कसं जातं, आठवून पाहा. पुढच्या सीटवर आई किंवा आजी, आणि तिच्या मांडीवर बाळ. "मी घट्ट धरलंय ना!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामागचं प्रेम खरं आहे. आता थोडं गणित करू.

गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. बाळाचं वजन १० किलो. गाडी कशावर तरी आदळली आणि साधारण ०.१ सेकंदात थांबली, असं धरा. बाळालाही तेवढ्याच वेळात थांबवायचं तर सरासरी बल लागेल १० गुणिले १३.९ भागिले ०.१, म्हणजे सुमारे १३९० न्यूटन. हे साधारण १४० किलोचं पोतं हातांवर पेलण्यासारखं झालं, आणि तेही बेसावध असताना. शिवाय धरणारी व्यक्ती स्वतःच पुढे फेकली जात असते. तिनं पट्टा लावलेला नसेल तर तिच्या शरीराचा भार बाळावर येतो. हाच वेग उंचीत मांडायचा तर सुमारे १० मीटरवरून पडण्याइतका, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली.

हे गणित अकरावीचं आहे. तरी ते कायद्यात उतरायला किती त्रास पडला ते पाहा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. लहान मुलांना चाइल्ड सीटमध्ये बसवणं सक्तीचं व्हावं म्हणून त्यांनी लोकप्रतिनिधींच्या मागे लागून १९७७ मध्ये कायदा मंजूर करून घेतला. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली: मोठ्या माणसानं बाळाला हातात धरलं असेल तर चालेल. सँडर्स या दुरुस्तीला "मुलं चिरडणारी दुरुस्ती" म्हणायचे. ती काढून टाकायला १९८१ उजाडलं. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांत चाइल्ड सीटचे कायदे झाले.

म्हणजे "सीट हवी की मांडी?" हा वाद तिथे मिटला. त्यानंतरचा प्रश्न असा होता की सीटमध्ये बाळाचं तोंड पुढे करायचं की मागे? याचं एक उत्तर टेनेसीच्या कायद्याच्याही बरंच आधी, स्वीडनमध्ये दिलं गेलं होतं.

पाठीवर झेललेला धक्का

बेर्टिल आल्डमन हे स्वीडिश डॉक्टर, पुढे गोटेबोर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६४ मध्ये त्यांनी मुलांसाठी मागे तोंड असलेल्या सीटची कल्पना मांडली. अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ती सुचली, असं सांगितलं जातं. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर आडवे असतात, त्यामुळे प्रवेगाचा भार पूर्ण पाठीवर पसरतो. गाडी समोर धडकते तेव्हा मागे तोंड करून बसलेल्या बाळाचंही तसंच होतं. डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं.

तोंड पुढे असेल तर पट्टे खांदे आणि धड धरून ठेवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. मोठ्या माणसाची मान हा ताण बऱ्याच प्रमाणात सोसते. बाळाचं तसं नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव भागाइतकं असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांच्यात कूर्चा असते. म्हणून डोकं जड आणि मान कच्ची.

स्वीडनमध्ये ही पद्धत रुजली. तिथे मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायची शिफारस आहे. अमेरिकेत मात्र बरीच वर्षं सर्वसाधारण सल्ला असा होता: बाळ एक वर्षाचं आणि सुमारे ९ किलोचं होईपर्यंत मागे तोंड, मग पुढे वळवा. बाळाचा पहिला वाढदिवस झाला की सीट फिरवायची, असा जणू रिवाजच पडला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती जिवाशी गाठ आहे. स्वीडनमध्ये मागे तोंड असलेली सीट पुष्कळदा पुढच्या जागेवर, चालकाशेजारी लावत. १९९० च्या दशकात अमेरिकन गाड्यांत चालकाशेजारच्या जागेसमोरही एअरबॅग येऊ लागल्या आणि त्या फुगताना मुलांचे जीव गेल्याच्या घटना घडल्या. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये बाळाचं डोकं एअरबॅगच्या अगदी जवळ येतं. म्हणून चालू एअरबॅगसमोर अशी सीट कधीही लावायची नाही, मुलांना मागच्या सीटवरच बसवायचं, हा नियम आला. संशोधनाच्या नजरेनं पाहिलं तर सीट तीच, बाळ तेच, फक्त भोवतालची गाडी बदलली आणि निष्कर्षाला नवी अट जोडावी लागली. दुसऱ्या देशातला निष्कर्ष उचलताना त्याच्या भोवतालच्या अटीही सोबत उचलाव्या लागतात.

२००७ चा पेपर

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एक वर्षानंतरही तोंड मागेच ठेवावं का? प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांच्या चाचण्या "हो" म्हणत होत्या. स्वीडनचा अनुभवही "हो" म्हणत होता. पण अमेरिकेतल्या खऱ्या अपघातांमधून काय दिसतं?

२००७ मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात याचं उत्तर देणारा पेपर आला. संशोधकांनी अमेरिकन सरकारच्या अपघात-नोंदींतून १९८८ ते २००३ या काळातली, दोन वर्षांखालची ८७० मुलं निवडली. निष्कर्ष असा: पुढे तोंड असलेल्या मुलांना गंभीर इजा होण्याचं ऑड्स गुणोत्तर १.७६. फक्त एक वर्षाची मुलं घेतली तर ते ५.३२.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. त्यातूनच "मागे तोंड पाच पट सुरक्षित" ही घोषणा निघाली आणि पालकांच्या पत्रकांतून, दवाखान्यांच्या भिंतींवरून, इंटरनेटवरून सगळीकडे पसरली. "मृत्यू किंवा गंभीर इजेची शक्यता ७५ टक्क्यांनी कमी" हे वाक्यही याच पेपरच्या नावावर फिरलं. २०११ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्सनं आपला सल्ला बदलला: दोन वर्षांपर्यंत, किंवा सीटची वजन-उंचीची कमाल मर्यादा येईपर्यंत, तोंड मागेच ठेवा. त्यानंतर राज्यांचे कायदेही तसे बदलू लागले. न्यू जर्सीत २०१५ मध्ये बदल झाला, कॅलिफोर्नियात २०१७ च्या सुरुवातीपासून.

एक पेपर, आणि त्यावरून लाखो गाड्यांतल्या सीट उलट्या फिरल्या. आपल्यापैकी कोणाला असा पेपर लिहायला आवडणार नाही?

वजनांची चूक

२०१६ च्या सुमारास एका स्वतंत्र संशोधकानं या विश्लेषणाबद्दल शंका उपस्थित केली. मूळ लेखकांपैकी काहींनी नव्या संख्याशास्त्रज्ञांसह डेटा पुन्हा उघडला. तेव्हा कळलं की पेपरमध्ये सर्वेक्षणाची वजनं चुकीच्या पद्धतीनं हाताळली गेली होती.

हे वजन म्हणजे किलोतलं नव्हे. समजून घ्या, कारण नमुना सर्वेक्षणाचा डेटा वापरणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे. एनएसएसचा डेटा असो की कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, वजनांचा रकाना तुमची वाट पाहत असतोच.

या अपघात-नोंदींत अमेरिकेतला प्रत्येक अपघात नसतो. गाडी ओढून न्यावी लागली अशा अपघातांमधून, देशातल्या मोजक्या ठिकाणी, दर वर्षी काही हजार अपघात निवडून त्यांचा सविस्तर तपास व्हायचा. गंभीर अपघात मुद्दाम जास्त प्रमाणात घेतले जायचे, नाहीतर किरकोळ अपघातांच्या गर्दीत ते सापडलेच नसते. मग प्रत्येक नोंदीला एक वजन दिलं जायचं: ही एक नोंद देशातल्या इतक्या अपघातांचं प्रतिनिधित्व करते.

अशा वजनांचा गैरसमज काय करू शकतो, ते काल्पनिक आकड्यांवरून पाहू. तुमच्याकडे २० मुलं आहेत. १० किरकोळ अपघातांतली, प्रत्येकाचं वजन ३००. १० गंभीर अपघातांतली, प्रत्येकाचं वजन ५. वजनांची बेरीज होते ३,०५०. देशात गंभीर इजेचं प्रमाण किती, हे काढायला ही वजनं वापरायलाच हवीत. पण तुम्ही पाहिलेली मुलं किती? वीसच. सॉफ्टवेअरला नीट न सांगता वजनं दिली आणि त्यानं ३,०५० मुलं पाहिली असं समजलं, तर उत्तरातली अनिश्चितता आपोआप आक्रसते. ३,०५० भागिले २० याचं वर्गमूळ सुमारे १२. म्हणजे विश्वास-अंतराल बारा पट अरुंद दिसू शकतो. त्यातच एकाच ठिकाणच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात, हेही धरलं नाही तर अनिश्चितता आणखी कमी भासते. नुसता योगायोगही मग ठाम निष्कर्षासारखा दिसायला लागतो.

यात बनाव नाही, आकडे खोटे नाहीत. कमांडमधला एक पर्याय चुकला तरी एवढं होऊ शकतं. म्हणूनच हा प्रकार मला जास्त भीतिदायक वाटतो. हे आपल्या हातून सहज होऊ शकतं, आणि उत्तर आपल्याला हवं तसं आलेलं असलं की आपण परत तपासायलाही जात नाही.

पुन्हा मोजल्यावर

नवं विश्लेषण त्याच नियतकालिकात २०१८ च्या खंडात छापलं गेलं. या वेळी १९८८ ते २०१५ असा सगळा उपलब्ध काळ घेतला होता. निकषांत बसणारी मुलं निघाली १,१०७. त्यांपैकी ठरवलेल्या पातळीची गंभीर इजा झालेली मुलं होती ४७.

इथे थांबून त्या ४७ कडे बघा. २८ वर्षांच्या नोंदींतून ४७. डेटाची ताकद किती ओळी आहेत यावर ठरत नाही, ज्या घटनेचा अभ्यास करतोय ती किती वेळा घडली यावर ठरते. ठोकताळा असा आहे की अशा प्रतिमानात एका चलामागे निदान दहा घटना तरी हव्यात. ४७ घटनांत तुम्ही चारपेक्षा जास्त चलं घालू शकत नाही. आणि इथे तर मुलाचं वय, धडकेची दिशा, वेग, गाडीचा प्रकार, चालक असं कितीतरी धरायचं होतं.

संशोधकांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा: मागे तोंड असलेल्या मुलांत इजेचं प्रमाण कमीच दिसलं, एक वर्षाखालच्यांत आणि एक वर्षाच्यांतही. पण हा नमुना इतका छोटा आहे की त्यावर संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठामपणे काही सांगता येत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि अमेरिकेबाहेरचा अनुभव मात्र "शक्य तितका काळ तोंड मागे" या सल्ल्याला आधार देतात. मूळ पेपर मागे घेतला गेला.

आणि सल्ल्याचं काय झालं? २०१८ मध्ये अकॅडमीनं तो पुन्हा लिहिला. "दोन वर्षं" हा आकडा गेला. राहिलं ते इतकंच: सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत, शक्य तितका काळ, तोंड मागे. म्हणजे पालकांनी करायची गोष्ट जवळपास तीच राहिली. बदललं ते त्यामागचं कारण, आणि ज्या आकड्याला आधार उरला नव्हता तो काढला गेला.

मग परिच्छेद खोडायचा का?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. या गोष्टीत तीन थर आहेत, ते वेगळे करून पाहा.

पहिला थर यंत्रणेचा: डोकं जड, मान कच्ची, भार पाठीवर पसरला तर मान वाचते. हा थर पेपर मागे घेतल्यानं हललाही नाही. दुसरा थर प्रत्यक्ष जगातल्या मोजमापाचा: खऱ्या अपघातांत किती फरक पडतो? अमेरिकेच्या डेटापुरता हा थर कोसळला. पण लक्षात घ्या, "फरक आहे हे सिद्ध झालं नाही" आणि "फरक नाही हे सिद्ध झालं" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. ४७ घटनांवरून दुसरं वाक्य कोणीही लिहू शकत नाही.

तिसरा थर नियमाचा: सीट कोणत्या वयाला फिरवायची? संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या नियमानुसार मान्यता मिळालेल्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत तोंड मागे ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत ही मर्यादा दोन वर्षं आहे. स्वीडनचा सल्ला चार वर्षांचा. बाळांच्या माना सगळीकडे सारख्याच, तरी आकडे तीन. कारण मान काही वाढदिवसाच्या दिवशी पक्की होत नाही. नियमाला मात्र रेषा कुठेतरी ओढावीच लागते. ती ओढताना गाडीतली जागा, सीटची किंमत, पालक किती पाळतील, हे सगळं धरलं जातं. तो निर्णय आहे, शोध नव्हे. निर्णयाला शोधाचा मुखवटा चढवला की पुढे २००७ सारखी पंचाईत होते.

तेव्हा तुमच्या परिच्छेदाबाबत असं करा. आधी रिट्रॅक्शनची सूचना वाचा. बनाव होता, चूक होती की हक्काचा वाद होता, ते बघा. मग आपलं प्रत्येक वाक्य कोणत्या थरावर उभं आहे ते समासात लिहा. मागे घेतलेल्या पेपरवरच उभं असलेलं वाक्य काढा. दुसऱ्या आधारावर उभं राहू शकणारं वाक्य नव्यानं लिहा. उदाहरणार्थ, "मागे तोंड असलेली सीट पाच पट सुरक्षित असते" हे वाक्य गेलं. त्या जागी "शरीररचना, धडक-चाचण्या आणि स्वीडनचा अनुभव मागे तोंड ठेवण्याच्या बाजूनं आहेत, अमेरिकेतल्या अपघात-नोंदी मात्र फरक किती ते ठरवायला अपुऱ्या आहेत" हे आलं. दुसरं वाक्य लांबलचक आहे, भिंतीवर लावायला बरं दिसत नाही. पण व्हायव्हामध्ये कोणी उलटं विचारलं तर ते टिकेल.

आणि मागे घेतलेल्या पेपरचा उल्लेख टाळू नका. तो मागे घेतला गेला हे सांगून उल्लेख करा. तोच पेपर उद्धृत करणारे, पण त्याचं नाव न घेणारे लेख अजून फिरत असतात. "पाच पट" हा आकडा इंटरनेटवर शोधून पाहा.

मला या गोष्टीतली सर्वांत मोलाची बाब वाटते ती ही: निष्कर्ष बहुधा बरोबरच होता. त्यामुळे गप्प बसायला भरपूर सबब होती. "मुलांच्या भल्याचंच आहे, कशाला उकरून काढायचं?" असं सहज म्हणता आलं असतं. पण पालकांना एकदा कळलं असतं की आकडा पोकळ होता आणि तो दडवला गेला, तर त्यांनी पुढचा सल्ला कशावरून मानला असता? लेखकांनी आपल्याच नावाचा पेपर खाली ओढला आणि सल्ल्याला त्याचे खरे आधार परत दिले.

जाता जाता आपल्याकडचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कलम १९४-ब, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे. चाइल्ड सीटसाठी एआयएस-०७२ हे भारतीय मानक आहे, आणि ही मानकं छापणारी एआरएआय संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तरी त्याच टेकडीखालच्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी उभं राहा आणि पुढच्या सीटवरच्या मांड्या मोजा. तोंड पुढे की मागे, या वादाच्या आधीची पायरी आपल्याला अजून चढायची आहे. आणि त्या पायरीसाठी कुठल्याही ऑड्स गुणोत्तराची गरज नाही. १० गुणिले १३.९ भागिले ०.१ एवढं पुरेसं आहे.